जुनी सीओटू रायफल कन्व्हर्ट करायची का दुसरी घ्यायची?

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा की मुलगी नववीत आहे, दीडेक वर्ष क्लबच्या रायफलवर टेन मीटर (दहा मीटरवरच्या टार्गेटची एअर रायफल नेमबाजी) मारतेय, मामांकडून जुनी वॉल्थर सीजी९० मिळालीये जी सीओटू गॅसवर चालते, ओळखीतला एक जण म्हणतो चाळीस हजारात ती रायफल हवेवर म्हणजे पीसीपी (सिलेंडरमधे आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारी) करून देतो, आणि क्लबमधले बाकीचे पालक म्हणतात कशाला त्या भानगडीत पडता, सरळ नवीन घ्या. मी बरीच वर्षं मॅच रायफली (स्पर्धेच्या रायफली) उघडतोय, सील बदलतोय, पोरांना स्टॉक (खांद्याला-गालाला लागणारा दस्ता) बसवून देतोय, त्यामुळे माझं मत आधीच सांगून टाकतो. ही रायफल हवेवर करू नका. नवी कोरीपण आत्ता घेऊ नका. आता का ते जरा सविस्तर लिहितो, कारण हाच प्रश्न वेगवेगळ्या तोंडाने वर्षभर येत असतो.

आधी एक गैरसमज. लोकांना वाटतं रायफल जुनी झाली म्हणजे बॅरल गेलं. टेन मीटरच्या एअर रायफलचं बॅरल तसं जात नाही हो. ०.५३ ग्रॅमचा शिशाचा मऊ पेलेट (छर्रा) सेकंदाला १६५-१७५ मीटरने जातो, त्यात ना बारूद ना तसली उष्णता, त्यामुळे कुणी क्राउन (बॅरलच्या पुढच्या तोंडाची कड) ठोकला नसेल किंवा आत लोखंडी सळई घालून साफसफाई केली नसेल तर तीस वर्षांपूर्वीचं जर्मन बॅरल आजही एकात एक भोक पाडतं. जातं ते रबर. ओ-रिंगा कडक होतात, सील चुरा होतात, जुन्या स्प्रिंगच्या रायफलींमधे तर बफर अक्षरशः तपकिरी चिखल होऊन बाहेर येतो. आणि जाते ती सिलेंडरची मुदत. म्हणजे जुनी रायफल घेताना किंवा सुधारताना प्रश्न 'किती जुनी' हा नसतो, 'हिचं रबर आणि हिचा सिलेंडर आज बाजारात मिळतो का' हा असतो.

आता सीओटू का मागे पडलं ते बघा, म्हणजे तो चाळीस हजारवाला माणूस नेमकं काय बदलणार ते कळेल. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला सीओटू रायफली भारी समजल्या जायच्या, कारण त्याआधीच्या साइड लिव्हरच्या रायफलींमधे प्रत्येक शॉटला लिव्हर ओढावी लागायची आणि इथे नुसता बोल्ट उघडा, पेलेट घाला, मारा. पण सीओटू सिलेंडरमधे द्रव असतो आणि त्याचा दाब तापमानावर ठरतो. २० अंशाला साधारण ५७ बार, ३० अंशाला ७२ च्या आसपास. आणि ३१ अंशांच्या वर गेलं की तो द्रव राहतच नाही, मग दाब किती होणार ते तुम्ही आत किती गॅस भरलाय त्यावर. जर्मनीतल्या हॉलमधे हे चालून जातं. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली रेंज असते तिथे सकाळी नऊला झिरो केलेली (साइट केंद्राला जुळवलेली) रायफल साडेअकराला वर मारायला लागते आणि पोरगी बिचारी स्वतःचं होल्डिंग (रायफल स्थिर धरणं) चुकतंय म्हणून रडते. शिवाय भरणं हा एक वेगळा कुटाणा, छोटा सिलेंडर फ्रीजरमधे गार करायचा, मोठ्या बाटलीतून द्रव घ्यायचा, मग वजनकाट्यावर ठेवून बघायचं की लिहिलेल्या वजनापेक्षा जास्त भरला नाही ना. जास्त भरलेला सिलेंडर गरम गाडीत राहिला तर आतला द्रव फुगून जागाच उरत नाही आणि दाब कुठल्या कुठे जातो. त्यामुळे मामांनी सिलेंडर भरलेला दिला असेल तर डिकीत ठेवू नका, हे आधी करा बाकी नंतर वाचा.

हवेच्या रायफलीत सिलेंडरमधे २०० बार (काही मॉडेलला ३००) कोरडी हवा असते आणि मधे रेग्युलेटर बसलेला असतो जो तो दाब पाडून व्हॉल्व्हला ठराविक, समजा साठ-सत्तर बारच देतो. सगळी जादू त्या रेग्युलेटरमधे आहे. तुमच्या रायफलचा व्हॉल्व्ह सीओटूच्या दाबासाठी बनलाय, त्याला थेट २०० बार दिले तर एकतर हॅमरला (व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणाऱ्या भागाला) व्हॉल्व्ह उघडणारच नाही नाहीतर सील उडेल. म्हणजे कन्व्हर्जन याचा अर्थ नवा सिलेंडर, मधे रेग्युलेटर, जोडणीचा अडॅप्टर, आणि मग हॅमर स्प्रिंगचं सेटिंग. हे कंपनीने स्वतः बनवलेल्या किटमधे असेल तर ठीक आहे. ज्या रायफलींच्या सीओटू आणि हवेच्या आवृत्त्या मागोमाग निघाल्या, म्हणजे स्टायर एलजी१ नंतर एलजी१पी, किंवा अँशुट्झ २००२ सीओटू नंतर २००२ सीए, तिथे कन्व्हर्जनचा विचार समजू शकतो कारण बरेचसे भाग जवळजवळ सारखे असतात. पण तुमचा माणूस कंपनीचं किट लावणार आहे का लेथवर नळी कातून त्याला सिलेंडर म्हणणार आहे, हे त्याला विचारा. नळी कातणारा असेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा. २०० बारची नळी पोरीच्या डाव्या हातावर, तोंडापासून हातभर अंतरावर असते, तिथे 'माझ्या मित्राची चार वर्षं चालतेय' हे उत्तर चालत नाही.

आणि समजा त्याने झकास बनवली. स्पर्धेत काय? सिलेंडरवर बनवल्याची तारीख किंवा मुदत कोरलेली असते, मॅच रायफलच्या कंपन्या साधारण दहा वर्षांची मुदत देतात, आणि आयएसएसएफच्या (आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या) नियमाप्रमाणे सिलेंडर मुदतीत असणं ही नेमबाजाची स्वतःची जबाबदारी आहे. इक्विपमेंट कंट्रोलला (स्पर्धेतल्या सामानाच्या तपासणीला) कुणी विचारलं तर लेथवाल्या नळीवर दाखवणार काय? क्लबमधे कुणी बघत नाही, डिस्ट्रिक्टला पण कदाचित सुटेल, पण स्टेटला, मग मावळंकर स्पर्धेला, मग नॅशनल्सला जायचं स्वप्न असेल तर पहिल्याच दिवशी अशा वस्तूवर पैसे घालू नका जी वरच्या पायरीवर तुम्हाला बाहेर काढू शकते. (मावळंकर म्हणजे लोकसभेचे पहिले सभापती दादासाहेब मावळंकर, १९५१ साली नॅशनल रायफल असोसिएशन त्यांच्याच पुढाकाराने उभी राहिली. पोरं ते नाव रोज घेतात आणि कुणाला माहीत नसतं, म्हणून आपलं सांगितलं.)

दुसरं एक कन्व्हर्जन आपल्याकडे फार बोकाळलंय, ते म्हणजे साध्या स्प्रिंगच्या एअरगनला पीसीपी करणं. टार्गेटसाठी त्याचा काडीचा उपयोग नाही. ट्रिगर तोच राहतो, स्टॉक तोच, आणि करणारे बहुतेक जण पॉवर वाढवायच्या नादात असतात. मॅच रायफलची एनर्जी साडेसात ज्यूलच्या आसपास असते, कागदाला भोक पाडायला तेवढी पुरते. उलट २०१६ च्या आर्म्स रूल्सप्रमाणे ४.५ मिलिमीटर बोअर आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर वेपनला लायसन्स लागत नाही, त्याच्या वर गेलात की लागतं. हौशी माणसाने वाढवून दिलेली रायफल कधी त्या रेषेपलीकडे जाते ते कळतही नाही, आणि मग पोरीच्या खेळापेक्षा पोलीस ठाण्याच्या चकरा जास्त व्हायच्या.

मग कन्व्हर्ट करण्यासारखं काही असतं का? असतं की. स्टॉक. माझ्या मते टेन मीटरमधे सगळ्यात जास्त पैसे वसूल होणारं कन्व्हर्जन हेच आणि याच्याबद्दल कुणी विचारत नाही कारण त्यात फुस्स असा आवाज येत नाही. चांगली अॅक्शन (बोल्ट-ट्रिगरचा धातूचा भाग) असलेली पण लाकडी, फिक्स स्टॉकची रायफल असेल तर तिला वर-खाली होणारा चीक पीस (गाल टेकायचा भाग), लांबी आणि उंची बदलणारी बट प्लेट (खांद्याला टेकणारा भाग) आणि हाताखाली उंची वाढवणारा ब्लॉक एवढं बसवलं की निम्मं काम झालं. बघायचं कसं ते सांगतो. पोरीला जॅकेट घालून स्टँडिंगला उभी करा, डोळे मिटायला सांगा, रायफल खांद्याला लावून गाल टेकवून आरामात थांबू दे, मग डोळे उघडायचे. डायॉप्टरच्या (मागच्या भोकाच्या साइटच्या) भोकात पुढच्या साइटची रिंग बरोबर मधे दिसली पाहिजे. रिंग खाली चिकटलेली दिसत असेल तर डोळा खाली आहे, चीक पीस वर घ्या, दोन-दोन मिलिमीटरने. मान पुढे वाकवून गाल दाबून ती मधे आणत असेल तर तो फिट नाही, ती तडजोड आहे, आणि चाळिसाव्या शॉटनंतर मानेला ते कळतं. हनुवटी सरळ, डोकं सरळ, रायफल डोक्याकडे यायला हवी, डोकं रायफलकडे जायला नको. ही तपासणी बाजूने मोबाइलवर व्हिडिओ काढून करा, समोरून काही दिसत नाही.

वजनाचंही तसंच. नियमात एअर रायफलला साडेपाच किलोची वरची मर्यादा आहे, म्हणून सगळे साडेपाचच्या जवळ जायला बघतात. बेचाळीस किलोच्या मुलीला पाच किलोची अॅल्युमिनियम स्टॉकवाली रायफल देऊन पाठ वाकडी करू नका. चार-साडेचारला सुरू करा, वजनं नंतर लावता येतात, ती मिळतातही स्वस्त. आणि स्टॉकला काहीही जोडताना एअर रायफलच्या नियमात थंबहोल, थंब रेस्ट, पाम रेस्ट, स्पिरिट लेव्हल हे चालत नाही हे लक्षात ठेवा, सुतार हौसेने काहीतरी छान करून देतो आणि मग तासून काढावं लागतं.

ओपन साइटवरून (उघड्या खाचेच्या साइटवरून) पीप साइटवर (भोकातून बघायच्या साइटवर, म्हणजे डायॉप्टरवर) जाणं हे दुसरं शहाणं कन्व्हर्जन, ज्यांच्याकडे भारतीय बनावटीची बरी रायफल आहे त्यांच्यासाठी. फक्त कुठल्या इव्हेंटमधे मारायचंय, नॅशनल रूल्सवाला पीप साइट का आयएसएसएफ, ते आधी ठरवा आणि त्या वर्षीच्या नियमपुस्तकात त्या इव्हेंटला कुठली रायफल चालते ते वाचूनच पैसे काढा. रायफलच्या वर साइट बसवायला ११ मिलिमीटरची डव्हटेल खाच हवी, ती सरळ हवी, आणि डायॉप्टर ओपन साइटपेक्षा उंच बसतो म्हणून चीक पीस परत वाढवावा लागतो, हे लोक विसरतात. पुढच्या रिंगचा साइज सगळे फार लहान घेतात. हिशोब सोपा आहे, टार्गेटवरचा काळा गोल ३०.५ मिलिमीटरचा, अंतर १० मीटर, पुढची साइट डोळ्यापासून समजा ९० सेंटिमीटरवर असेल तर तिथे तो काळा पावणेतीन मिलिमीटरएवढा दिसतो. तुम्ही तीनची रिंग लावली तर भोवती पांढरं उरतंच किती? पोरगी ते पांढरं शोधत बसते, शॉट सुटत नाही. पावणेचार-चारची लावा. होल्डिंग हलतं ते कमी जाणवतं आणि ट्रिगर मोकळेपणी दाबला जातो.

आता तुमच्या सीजी९० वर परत येतो. रायफल स्वतः किती मार्क खाते हा खरा प्रश्न. दशांश मोजणीत केंद्रापासून पाव मिलिमीटरच्या आत १०.९, मग दर पाव मिलिमीटरला एक दशांश कमी, अडीच मिलिमीटरला १०.० संपतं. चांगल्या अवस्थेतली जुनी मॅच रायफल बेंचवर क्लॅम्प केली तर तिचे शॉट केंद्राभोवती अर्ध्या-पाऊण मिलिमीटरमधे पडतात, म्हणजे सरासरी १०.७ च्या आसपास तिची स्वतःची ताकद. तुमची मुलगी आत्ता सरासरी ९.८ ने मारत असेल तर तो फरक रायफलमधे नाही. साठ शॉटचे कमाल ६५४, आणि ६३० च्या वर जाणाऱ्यांना रायफलचा एक दशांश महाग पडतो. ६०० च्या आत असलेल्याला नाही. हे पालकांना पटत नाही, मला कळतं, कारण शेजारच्या लेनमधली मुलगी एलजी४०० सारख्या नव्या रायफलने मारत असते.

२०२२ ला ठाण्याच्या रुद्रांक्ष पाटीलने कैरोत टेन मीटरचं वर्ल्ड टायटल घेतलं आणि २०२४ ला पॅरिसमधे कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने ब्राँझ घेतलं तेव्हापासून तर 'कुठली रायफल घेऊ' हे फोन वाढलेच. स्वप्नीलचा इव्हेंट पन्नास मीटर थ्री पोझिशनचा, तिथे पॉइंट टू टू रायफल, लायसन्स, सगळा मामला वेगळा. तिथली कन्व्हर्जनची गोष्ट मी इथे काढतच नाही, फायर आर्मच्या अॅक्शनला हात लावणं हे लायसन्सवाल्या गनस्मिथचंच काम.

तुमच्यासाठी माझा सल्ला म्हणजे वापरलेली हवेची मॅच रायफल. एफडब्ल्यूबी (फाइनवेर्कबाउ) ७००, वॉल्थर एलजी३००, अँशुट्झ ८००२, स्टायर एलजी११० या पिढीतली कुठलीही, किंवा बजेट बसत असेल तर एफडब्ल्यूबी ५०० सारखं साधं मॉडेल. सीनियर मुलं नवी घेतली की जुनी विकतात, स्टेट आणि मावळंकरच्या वेळी रेंजवर विचारलं तर बरोबर कळतं. टॉपची नवी इम्पोर्टेड रायफल आज तीन लाखांच्या घरात किंवा वर जाते, युरो आणि ड्यूटी जशी असेल तशी, वापरलेली त्याच्या निम्म्या-पाऊण किमतीत येऊ शकते. पण विकणारा कितीही ओळखीचा असला तरी हे करून बघा.

सगळ्यात आधी सिलेंडर उलटा करून तारीख वाचा, फोटोवर विश्वास ठेवू नका, फोटो दुसऱ्याच सिलेंडरचा असतो. मुदत संपली असेल तर नव्या सिलेंडरचे सहज पंचवीस-तीस हजार किमतीतून वजा करा आणि तो नवा सिलेंडर खरंच मिळतोय हे विकत घ्यायच्या आधी डीलरकडून हातात बघा. मग २०० बारपर्यंत भरून दाबाच्या गेजचा काटा बघून ठेवा, दोन दिवसांनी काटा हलला का ते बघा. मग क्रोनो (पेलेटचा वेग मोजायचं यंत्र) लावा. दहा शॉट मारा, वेगातला फरक दोन-तीन मीटरच्या आत असावा. त्यानंतर पंधरा मिनिटं रायफल कॉक न करता तशीच ठेवा आणि एक शॉट मारा. हा पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा ठळक जोरात गेला तर रेग्युलेटर सरकतोय, म्हणजे दाब हळूहळू चढतोय. दुरुस्त होतं, पण ते पैसे कुणाचे हे आत्ताच ठरवा. डायॉप्टर दहा क्लिक डावीकडे, मग दहा उजवीकडे फिरवून मारा, ग्रुप मूळ जागी आला पाहिजे, नाही आला तर स्क्रूमधे ढिलाई आहे आणि फायनलला ती नेमकी छळते. शेवटी तीन-चार जातींचे पेलेट, हेड साइज (पेलेटच्या डोक्याचा व्यास, मिलिमीटरमधे) ४.४९, ४.५०, ४.५१ असे, क्लॅम्पवरून मारून बघा. बॅरलला कुठला आवडतो ते बॅरलच सांगतं. एवढं करू देत नसेल तो विकणारा तर दुसरा शोधा, रायफली काय पळून जात नाहीत.

हवेची सोय आधी बघा हे मात्र खरं. क्लबमधे कॉम्प्रेसर किंवा स्कूबा टाकी असेल तर प्रश्न नाही. नसेल तर हँड पंपाने २०० बार भरताना घाम निघतो आणि कोकण-मुंबईच्या दमट हवेत पाणी आत जातं, सिलेंडर आतून गंजतो, म्हणून ड्रायर असलेलाच पंप घ्या. मालवण-तारकर्लीकडे राहणाऱ्यांना डायव्हिंग सेंटरची कोरडी हवा मिळते, ते नशीबवान. आणि काहीही झालं तरी मेडिकलचा ऑक्सिजन भरायचा नाही, ग्रीसचा एक थेंब असला तरी स्फोट होतो. हे इथे हसण्यावारी नेणारे मी बघितलेत म्हणून लिहिलं.

आणि पैशांची मांडणी करताना जॅकेट-ट्राउझर विसरू नका. पोरगी वाढतेय, आत्ताचं जॅकेट वर्षा-दीड वर्षात आखूड होणार, मापाचं नसेल तर कंबर आणि कोपर दोन्ही सैल पडतात आणि तीन लाखांची रायफलसुद्धा हलायची थांबत नाही. तुमच्या चाळीस हजारांतून पहिलं मापाचं जॅकेट शिवून घ्या, उरलेले वापरलेल्या रायफलकडे टाका, आणि पुढच्या सहा-आठ महिन्यांत बाकीची जमवाजमव करा. तोपर्यंत क्लबची रायफल आहेच, फक्त मुलीला रोज एकच क्लबची रायफल आणि एकच सेटिंग मिळेल एवढं कोचना सांगा, चीक पीसच्या पट्टीवर मार्करने खूण करून ठेवा म्हणजे दुसऱ्या मुलाने हलवली तरी परत लावता येते.

सीजी९० विकू नका पण. तिचा डायॉप्टर आणि पुढची साइट चांगल्या अवस्थेत असतील तर नंतर घेतलेल्या रायफलवर बसतात, त्यात काही हजार वाचले. गॅस पूर्ण काढून, बॅरल रिकामं असल्याची दोनदा खात्री करून ती घरी होल्डिंगला वापरा, भिंतीवर छोटं टार्गेट चिकटवून, वीस-वीस मिनिटं, वजन आणि बॅलन्स क्लबच्या रायफलच्या जवळपास आणून. ट्रिगर दाबायचा तर ड्राय फायरची (पेलेट आणि गॅसशिवाय ट्रिगर मारायची) सोय आहे का ते आधी कुणाकडून तरी बघून घ्या. हिवाळ्यात डिसेंबर-जानेवारीला कुणी भरून देणारा असेल तर गॅसवरपण मारा, त्या थंडीत ती अजून सुंदर मारते. स्टॉकचे फोटो आणि मुलीचा बाजूने काढलेला स्टँडिंगचा व्हिडिओ असेल तर पाठवा, बट प्लेट किती खाली घ्यायची ते सांगतो.